पुढच्या शुक्रवारची सर्दी

आईचं काम वजनांचं होतं. दुकानांतले आणि दवाखान्यांतले काटे बरोबर दाखवतात की नाही, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं होती. तिथे प्रमाण वजनाला बोट लावायचं नसतं, बोटाचा तेलकटपणासुद्धा काट्याला कळतो. चिमट्याने उचलायचं, ठेवायचं, आकडा लिहायचा, आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. अशा बाईवर खोटं बोलायची वेळ आली, तेव्हा तेही तिने नीटच बोलायला घेतलं.

खोटं नवऱ्याबद्दल होतं. तो ज्या छापखान्यात यंत्रं चालवायचा, तो बंद पडला. पहिला महिना तो काम शोधत फिरला, दुसऱ्यात खिडकीशी बसून राहिला, तिसऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खाणं सुटलं, झोप उडाली. एका सकाळी तो बायकोला म्हणाला, "मला आता कशातच अर्थ वाटत नाही. उठायचं कशाला, तेच कळत नाही." तिने त्याच दिवशी, मुलगी शाळेत असताना, त्याला मनाच्या आजारांच्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. आत जाताना त्याने एकच मागितलं, "मुंगीला कळू देऊ नकोस." तिने शब्द दिला.

मुंगी म्हणजे त्यांची नऊ वर्षांची मुलगी. सदा इकडची वस्तू तिकडे ओढत असायची, म्हणून बापानेच ठेवलेलं नाव.

मदतीला आत्या राहायला आली. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. पहिल्याच दिवशी घोळ झाला. बाबा परगावी यंत्र बसवायला गेलाय, इथवर दोघींचं जमलं, पण आत्या म्हणाली रेल्वेने गेला आणि आई म्हणाली कंपनीच्या गाडीने. मुंगी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

त्यानंतर आईने तक्ता केला. साखरेच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने चिकटवलेला. डावीकडे वार आणि तारीख, उजवीकडे काय सांगायचं ते, पुढच्या तीन आठवड्यांचं. सोमवार: सुटे भाग आले नाहीत, मुक्काम वाढला. बुधवार: फोन पाण्यात पडला. शुक्रवार: सर्दी, आवाज बसलाय, बोलता येणार नाही.

आत्याने चष्मा लावून सगळं वाचलं. "सर्दी दोनदा आलीये गं. माझा भाऊ आहे की गळका नळ?"

आईने एक सर्दी खोडली.

दुसऱ्या आठवड्यात मुंगीचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, दप्तर भरायच्या वेळेला. दवाखान्यात पोट दाबून झालं, रक्त तपासून झालं, काही निघालं नाही. शाळेचे आठ दिवस बुडाले. आई स्वयंपाकघरात गेली की मुंगी स्वयंपाकघरात. आई अंघोळीला गेली की दाराबाहेर पाट टाकून बसलेली. आई कामावर पोचली की दिवसातून चार फोन.

"आई, तू काय करतेस?"

"काटा तपासतेय."

"बरं. चालू दे."

शाळेतल्या समुपदेशक बाईंनी फोनवर विचारलं, "घरात काय चाललंय, ते मुलीला किती माहीत आहे?"

"काहीच नाही."

"खात्री आहे?"

"हो," आई म्हणाली. एरवी हा शब्द ती इतक्या सहज वापरत नसे. मोजल्याशिवाय तर नाहीच.

शुक्रवारी तिने रजा घेतली. झोप अशी नव्हतीच, तीन आठवडे ती रात्री घड्याळ ऐकत पडायची. दुपारी तिघी जेवायला बसल्या. मुंगी भात चिवडत होती. आईने नेहमीच्या हसऱ्या आवाजात सुरुवात केली, "अगं, बाबाचा निरोप आलाय. त्या यंत्राचे सुटे भाग अजून आलेच नाहीत..."

"आई, ते सोमवारचं," मुंगी ताटाकडे बघतच म्हणाली. "आज सर्दी आहे."

आत्याच्या हातातला डाव भांड्यात पडला.

"काय म्हणालीस?" आईने विचारलं.

"शुक्रवारी सर्दी. लिहिलंयस तू."

"तू कधी वाचलंस?"

"साखर खाताना. दहा दिवस झाले." मग घाईने, "चमचाभरच खाल्ली."

"मग मला विचारलं का नाहीस?"

मुंगीने खांदे उडवले. "तू किती मेहनत घेतली होतीस. पट्टीने रेघा मारल्या होत्यास." तिने भात ताटाच्या कडेला सारला. "मला वाटलं, बाबा मेलाय. आणि ते सांगायचा दिवस अजून तक्त्यात आलेला नाही. आणि मी शाळेत गेले होते तेव्हाच तो गेला ना? म्हणून मी तुला एकटीला सोडत नव्हते."

आत्या तोंडाला पदर लावून उठली आणि तशीच परत बसली.

आईला नवऱ्याला दिलेला शब्द आठवला. पण तो शब्द पाळायला आता घरात काही उरलंच नव्हतं. ती खुर्ची सोडून खाली फरशीवर बसली, म्हणजे मुंगीचा चेहरा तिला समोर दिसेल.

"बाबा जिवंत आहे. आजारी आहे. रुग्णालयात आहे, इथून बसने चाळीस मिनिटांवर."

"पोटाचा आजार?"

"मनाचा. काम गेलं, आणि हळूहळू त्याला कशातच बरं वाटेना. हे रुसणं नाही, आळस पण नाही, आजार आहे. औषध आहे त्याला, आणि बोलणारे डॉक्टर आहेत."

"माझ्यामुळे झालं? मी त्याला सारखं खेळायला उठवायचे."

"नाही. मुळीच नाही. उठवायचीस तेवढाच तो उठायचा."

"मरणार नाही ना?"

इथे आईला सोपं उत्तर देता आलं असतं. तक्ता करणाऱ्या हाताला ते जमलंही असतं. "तसं होऊ नये म्हणूनच तो तिथे आहे," ती म्हणाली. "रात्रंदिवस कोणीतरी जवळ असतं. मागच्या आठवड्यापासून जेवायला लागलाय."

मुंगी रडली. आधी आवाज न करता, मग चांगली घसा फाडून, आणि आईने तिला घट्ट धरून ठेवलं. आत्या दोघींच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "रडा गं बायांनो, रडा. मीही रडतेच आहे."

चार वाजता रुग्णालयात फोन घेतात. परिचारिकेने आधी त्याला विचारलं, मग दिला. मुंगीला सगळं कळलंय, हे आईने त्याला थोडक्यात सांगितलं.

"दे तिला," तो म्हणाला.

मुंगीने फोन दोन्ही हातांनी धरला. "बाबा?"

"हं. मुंगे."

"तुझा आवाज किती हळू येतोय."

"औषधाने होतं. सगळंच जरा हळू."

"चालेल. मी पण हळू बोलते," असं म्हणून तिने एका दमात तीन आठवड्यांचं सगळं सांगितलं. पलीकडून मधूनमधून हुंकार येत होता, आणि आत्याने दुपारी सांगितलेला गळक्या नळाचा शेरा ऐकून एक छोटासा, खोकल्यासारखा आवाज आला.

"आई," मुंगी फोनवर हात ठेवून कुजबुजली, "तो हसला."

त्या दिवशी मुंगी संध्याकाळी सहाला जी झोपली, ती सकाळीच उठली.

रविवारी तिघी त्याला भेटून आल्या. सोमवारी पोट दुखलं, पण मुंगीच म्हणाली की जरासंच आहे. शाळेच्या फाटकाशी तिने विचारलं, "बाबा घरी कधी येणार?"

"माहीत नाही. डॉक्टर म्हणतात दोन-तीन आठवडे. जास्तही लागतील."

"बरं," मुंगी म्हणाली आणि मैत्रीण दिसताच पळाली. मागे वळलीसुद्धा नाही.

आई बसमध्ये खिडकीशी बसली आणि तिला झोप लागली, मान काचेला टेकवून, तोंड उघडं टाकून. कंडक्टरने हलवलं तेव्हा तिचा थांबा दोन थांबे मागे राहिला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती उशिरा पोचली.

"काय हो, आज काय झालं?" साहेबांनी नोंदवहीवरून मान वर केली. "बस बंद पडली का?"

"नाही," आई म्हणाली. "बसमध्ये झोपले."

साहेबांनी तिच्या गालावर उमटलेली काचेच्या चौकटीची रेघ पाहिली. "मग चहा घ्या आधी," ते म्हणाले.