झोपलीस का?

बायको गेल्यापासून माझ्या छातीत उठल्यासुटल्या धडधडायचं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. कुणाशी तरी बोलत जा." बोलायला कुणी असतं तर धडधडलं कशाला असतं, हे मी त्यांना म्हणालो नाही. घरी येऊन पुस्तकांच्या कपाटाला म्हणालो.

मुलीने फोनवरून भुणभुण लावली, म्हणून समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसून मी त्यांचा वेळ घेतल्याबद्दल इतक्यांदा माफी मागितली की त्या म्हणाल्या, "काका, हा वेळ तुमच्यासाठीच ठेवलाय. नीट टेकून बसा बरं." मी टेकलो आणि त्याबद्दलही आभार मानले.

मग एका भेटीत त्यांनी विचारलं, "धडधडत नाही, असं कधी होतं?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी आठवून पाहिलं. मग म्हणालो, "मोठ्याने वाचताना नाही होत."

बायकोची नजर अधू झाल्यावर मी तिला दुपारी वाचून दाखवायचो. ती कुशीवर वळून ऐकायची. मी अडखळलो की म्हणायचो, "चुकलं हं, पुन्हा वाचतो." मधेच शंका आली की विचारायचो, "झोपलीस का?" ती डोळे न उघडता म्हणायची, "जागी आहे. वाचा." कधीकधी त्याआधी बारीकसं घोरणं ऐकू आलेलं असायचं. पण जागी आहे म्हणायची ती. ती गेल्यावरही मी कधीकधी दुपारी तिच्या उशीशेजारी बसून तसाच मोठ्याने वाचायचो.

बाईंनी मला एक पत्ता दिला. दृष्टिहीन लोकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी एक छोटी संस्था होती. दोन खोल्या, मधे काच. आतल्या खोलीत टेबल, दिवा आणि माइक; भिंतींना जाड करडं कापड ठोकलेलं. बाहेरच्या खोलीत यंत्रांपुढे बसणारी बाई चष्मा कायम डोक्यावर ठेवायची आणि तोच शोधत असायची. वाचणाऱ्यांचे खोकले, अडखळणं, लांबलेल्या शांतता ती कापून टाकायची, म्हणून सगळे तिला कात्री म्हणत. तिलाही ते आवडत असावं.

"आवाज बरा नाही माझा," मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"मी कुठे गाणं म्हणायला सांगतेय?" कात्री म्हणाली. "वाचा."

मी वाचू लागलो, आणि धडधड खरंच थांबली. दारातून बाहेर पडल्यावर पुन्हा सुरू व्हायची, ती गोष्ट निराळी. पण आठवड्यातल्या दोन दुपारी छाती शांत असायची. मी चुकलो की माइकमध्येच माफी मागायचो. कात्री हसायची. "काका, तुमच्या कापलेल्या माफ्या जोडल्या ना, तर एक वेगळं पुस्तक होईल. मूळ पुस्तकापेक्षा जाड."

मग मला एक मोठी कादंबरी मिळाली. एका बोटीवर अडकलेल्या दोन खलाशांची गोष्ट होती. ती वाचून संपली, ऐकणाऱ्यांकडे गेली, आणि काही दिवसांनी कात्रीने मला दारातच गाठलं. चष्मा चक्क डोळ्यांवर होता.

"काका, एक घोळ झालाय. माझ्याकडून."

तिने मला तो भाग ऐकवला. रात्रीचं वर्णन होतं, समुद्र, वारा. माझा आवाज हळूहळू उतरत गेला आणि त्याच सुरात म्हणाला, "झोपलीस का?" आणि एक श्वास घेऊन पुढे वारा सुरू.

"मला वाटलं, तो खलाशी दुसऱ्याला विचारतोय," कात्री म्हणाली. "झोपलीस की झोपलास, तेवढ्याकडे लक्षच गेलं नाही. इतकं तुम्ही सहज म्हणालात."

मला तर म्हटल्याचंही आठवत नव्हतं. कानशिलं तापली. मी घरात, उशीशी जे बोलायचो ते किती अनोळखी घरांमध्ये जाऊन पोचलं होतं. म्हातारा भ्रमिष्ट आहे, असं लोक म्हणाले असतील. तेवढ्यावर भागलं असेल तर नशीब.

"मी उद्यापासून येत नाही," मी म्हणालो.

"घोळ माझा आणि रुसणार तुम्ही?"

"रुसलो नाही हो. माझ्याच्याने नाही होणार आता."

घरी आलो. त्या आठवड्यात दुपार झाली की छातीत हातोडी चालायची. कपाटातून एक पुस्तक काढलं, मोठ्याने वाचायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. बायको गेली तेव्हाही इतकं रिकामं वाटलं नव्हतं, असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली.

समुपदेशनाच्या पुढच्या भेटीत मी बाईंना सगळं सांगितलं. राहा म्हणाल्या नाहीत की सोडा म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "निरोप घ्यायचा तर समोर जाऊन घ्या. फोनवर नको." मला फोनच सोपा वाटत होता, हे त्यांनी ओळखलं असावं.

गेलो. कात्रीने मला बसवलं आणि म्हणाली, "बरे आलात. एका आजींचा तीन वेळा फोन येऊन गेला. तुमच्याविषयी तक्रार आहे."

मी नको नको म्हणत असताना तिने फोन लावून टेबलावर ठेवला.

"ते वाचणारे आलेत का?" पलीकडचा आवाज म्हातारा आणि खणखणीत होता.

"आलोय," मी म्हणालो. "माफ करा, ते चुकून..."

"आधी माझं ऐका. मी एकटी असते. संध्याकाळ झाली की मला घाबरायला होतं, घसा आवळतो. तेव्हा तुमची बोट लावते. तर परवा तुम्ही विचारलंत, झोपलीस का. आता मला असं कुणी विचारून किती वर्षं झाली! मी आपलं सांगितलं, नाही हो, जागी आहे. आणि तुम्ही? थांबलातसुद्धा नाहीत. वाचत सुटलात! माणसाने विचारलं तर उत्तर येईपर्यंत थांबावं की नाही?"

कात्री काचेकडे तोंड करून हसत होती, किंवा डोळे पुसत होती.

"थांबायला हवं होतं," मी म्हणालो.

"कुणाला विचारत होता?"

"बायकोला."

"कुठे असते?"

"नाही आता."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मी दुसरीलाच विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं."

"नाही," मी म्हणालो. "बरं झालं दिलंत."

"मग पुढचं पुस्तक कधी? आणि समुद्र पुरे आता. मला ओलं ओलं वाटायला लागलंय."

फोन बंद झाला. मी निरोप घ्यायला आलो होतो, हे कात्रीला ठाऊक होतं. तरी ती आतल्या खोलीतला दिवा लावून आली. टेबलावर एक नवीन कादंबरी होती. डोंगरातली.

मी आत बसलो. बायकोचा आवाज ऐकू येईल असं मला वाटलं नाही. इतका काही मी खुळा नाही. तो ऐकावासा मात्र वाटत होता. वाचता वाचता ती कुशीवर वळल्यासारखी वाटली, आणि प्रकरण संपलं तेव्हा ओठांवर तेच शब्द आले. या वेळी मला कळत होतं, मी काय म्हणतोय ते. लाज वाटली. तरी म्हणालो, "झोपलीस का?"

आणि थांबलो. करड्या भिंती, दिवा, माझा श्वास. कुठल्याशा घरात कुणीतरी सावकाश उत्तर देऊ शकेल, इतका वेळ थांबलो.

कात्रीचा आवाज कानांवरच्या हेडफोनमधून आला. "काका, शांतता जरा लांबलीय. कापू?"

आजवर ती जे म्हणेल त्याला मी हो म्हणत आलो होतो.

"नको," मी म्हणालो, आणि पान उलटलं.