बादलीवरचं भाषण

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. जाड पत्र्याची, घट्ट कानांची. गवंडीकाकांनी मला नवी कोरी आणली आणि माझ्यातून इतकं सिमेंट वाहिलं, की अर्ध्या गल्लीच्या भिंती माझ्या ओळखीच्या आहेत. "पडू दे, आपटू दे, ही हूं की चूं करत नाही," असं ते कौतुकाने सांगायचे. पुढे प्लास्टिकच्या हलक्या बादल्या आल्या आणि मी न्हाणीमागे पालथी पडले.

मग नदीला पूर आला. प्लास्टिकच्या बहिणी तरंगत गेल्या. मी जड, म्हणून राहिले.

पाणी ओसरलं तेव्हा शेजारच्या शिंपीणबाईंच्या घरात गुडघाभर चिखल होता आणि त्यात त्यांचं शिलाई मशीन रुतलं होतं. सगळं घर त्यावर चालायचं. "आज धुऊन तेल घातलं तर वाचेल. चिखल वाळला की गेलं भंगारात," त्या सासूबाईंना म्हणाल्या. मला न्हाणीमागून उचलून आणून दोघी ताटांनी उपसलेला चिखल माझ्यात भरू लागल्या.

मला भरून दाराबाहेर ठेवून त्या आत वळल्या, तेवढ्यात टेम्पो आला. एकसारख्या टोप्या घातलेली माणसं उतरली आणि त्यांनी दारातच जुन्या कपड्यांचा ढीग रचला. दोघी आत अडकल्या. त्यांच्या मदत मंडळाच्या अध्यक्षांना उभं राहायला उंच जागा हवी होती. त्यांनी मला पालथी घातली, वर चढले आणि धीर कसा धरावा यावर बोलू लागले. माझ्यातला चिखल परत उंबऱ्यात.

"अहो, आम्ही शिंपी आहोत," ढिगापलीकडून सासूबाई म्हणाल्या. "लोकांना कपडे आम्ही देतो."

"संकोच करू नका, आजी," अध्यक्ष माझ्यावरूनच म्हणाले.

"संकोच कसला? हा नवरदेवाचा कोट आलाय. हा घालून चिखल उपसू?"

"बघा घालून. सैल असेल तर बदलून देऊ."

ऊन कलू लागलं. भाषण काही कलेना. टोपीवाल्यांतल्या एका काकूंचे पाय दुखायला लागले, म्हणून त्या ढिगावर टेकल्या. आत डोकावत त्यांनी विचारलं, "काय गं, तुम्हाला नक्की काय हवंय?"

सकाळपासून हे कोणी विचारलंच नव्हतं.

"हा ढीग हलवा," शिंपीणबाई म्हणाल्या. "मग बादली द्या. मग माणसं."

काकू उठल्या. "साहेब, खाली उतरा. तुम्ही बादलीवर उभे आहात."

ढीग टेम्पोत परत गेला. दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागली. मी हातोहात फिरू लागले. अध्यक्षांनी दोनदा भाषण पुढे न्यायचा प्रयत्न केला, पण तोंड उघडलं की मी त्यांच्या हातात येत होते.

दिवेलागणीला मशीन बाहेर आलं. धुतलं, पुसलं, तेल घातलं. चाक हलेना. शिंपीणबाईंनी पुन्हा जोर लावला. कुरकुरत ते फिरलं आणि सुई खाली-वर झाली. त्या तिथेच ओल्या पायरीवर बसल्या.

"हं, बोला आता," सासूबाई अध्यक्षांना म्हणाल्या. "धीराचं काय म्हणत होता?"

अध्यक्षांनी चिखलाचे हात पँटला पुसले. "शेजारच्यांना काय हवंय, ते विचारून येतो," ते म्हणाले.

मित्रांनो, तुम्हीही असंच करा. मदत म्हणून घरातली अडगळ बांधण्याआधी एकदा विचारा. आणि महिन्याभराने गेलात तरी उशीर झाला असं समजू नका. भिंतींची ओल तेव्हाही असते. टेम्पो मात्र यायचे थांबलेले असतात.