पंख्याखालची पन्नी

चौथा स्क्रू अर्ध्यावर आल्यावर अपेक्षाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि तळहात ओढणीला पुसले. तीन स्क्रू बशीत पडले होते. एवढा एक सुटला की प्रोसेसरवरचा पंखा उचलता येणार होता आणि त्याच्या बुडाशी काय आहे ते दिसणार होतं.

“ताई, पेस्ट लावायची हाय का नवरदेवाले हळद?” दारातून गोपाल म्हणाला. शेजारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान त्याचं. हातात स्पिरिटची बाटली होती. “सकाळपासून तुमचा मुहूर्तच निघून नाही राह्यला.”

“ठेव तिथं.”

“मशीन आधी चालवून घेतली ना? थंडी असली का जुनी पेस्ट सोडत नाही. ओढसान तर प्रोसेसर संगं येईन.”

“चालवली पाच मिनिटं. गरम आहे.”

“मंग भेव कायचं?”

तिने स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला. बाहेर मलकापूरहून आलेल्या गिऱ्हाइकाने त्याला हाक मारली, तसा तो बाटली टेबलावर ठेवून गेला.

गेल्या दिवाळीत हा पंखा तिनेच बसवला होता. बाबांच्या ऑनलाइन सेंटरचं मशीन जुनं, पंखा खडखडायचा. तिने पुण्याहून नवा आणला, अर्ध्या तासात बसवला आणि भाऊबीज करून परत गेली. उन्हाळा लागला तसं मशीन बंद पडू लागलं. पीकविम्याचा अर्ज अर्धा भरला की पडदा काळा. बाबांनी खोलीतला एकुलता कूलर मशीनकडे वळवला. मे महिन्यात एका दुपारी रांगेतल्या माणसाने त्यांना हलवून पाहिलं, तेव्हा ते खुर्चीतच कलले होते. दवाखान्यात उष्माघात म्हणाले.

तेरवीनंतर सेंटर बंद होतं. आता आईला ते पुन्हा सुरू करायचं होतं, म्हणून अपेक्षा पुण्यात बसून प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट निवडत होती. धातूची पातळ पेस्ट सगळ्यात चांगली, पण तिच्यातून वीज जाते, एक थेंब ओघळला तर बोर्ड जळेल. ती नको. साधी करडी बरी, तुरीच्या दाण्याएवढी, प्रोसेसरच्या मधोमध. हे वाचतानाच एका ओळीपाशी ती थांबली होती. नव्या पंख्याच्या बुडाला पारदर्शक पन्नी असते, बसवण्याआधी ती काढावी. राहिली तर पेस्ट कितीही चांगली असो, उष्णता पंख्यापर्यंत पोचत नाही.

आपण ती काढली होती का, हे तिला आठवेना. खोकं आठवत होतं, करडी पेस्ट आठवत होती, मागे चकल्यांचा वास आठवत होता. पन्नी आठवत नव्हती. त्या दिवसापासून दीड महिना तिला नीट झोप नव्हती.

“उघडलं का?” आतून सोजराबाईंनी विचारलं. सेंटरच्या मागेच घर होतं.

“उघडते, आई.”

“पाह्य बापा. तुह्या बाबानं कोणाले हात नाही लाऊ देल्ला त्याले. म्हणे पोरीच्या हातचं हाय.”

अपेक्षाने स्क्रू काढला. पंखा ओढला नाही. दोन्ही हातांनी धरून किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवला. तो कडकन सुटला. डोळे मिटूनच तिने तो उलटा केला आणि मग उघडले.

पन्नी नव्हती.

श्वास सुटला, तो अर्ध्यावरच थांबला. तिने लावलेली पेस्ट करडी होती. बुडाला लागलेली पेस्ट पांढरी होती, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखी वाळून भेगाळलेली. नखाने टोकरली तशी पूड पडली.

तिने कॅबिनेटचं बाजूला ठेवलेलं झाकण उजेडात धरलं. आतल्या बाजूने, कोपऱ्यात, पन्नी नीट सपाट चिकटवलेली होती. तिच्या मधोमध करड्या पेस्टचा चपटा ठिपका. शेजारी बॉलपेनने तारीख. सेंटर काढण्याआधी बाबा रेडिओ दुरुस्त करत. उघडलेल्या प्रत्येक सेटच्या आत ते तारीख टाकत, आणि त्या कामातून निघालेलं जे काही असेल ते तिथेच लावून ठेवत, पुढच्या उघडणाऱ्याला कळावं म्हणून.

तारीख होती भाऊबीजेनंतरच्या आठव्या दिवसाची.

तिने ती पुन्हा वाचली. आठव्या दिवशी त्यांनी मशीन उघडलं होतं. पन्नी सापडली होती. ती काढून त्यांनी आपल्याजवळची पेस्ट लावली होती, ट्रान्झिस्टरला लावायची, कोण जाणे किती वर्षांच्या ट्यूबमधली. आणि त्यानंतर सगळा हिवाळा फोनवर म्हणत राहिले होते, “बर्फावानी चालते पोरी, तुह्या हातचं काम हाय.” मे लागला तेव्हाही त्यांनी नवी ट्यूब मागवली नव्हती. ती मागायची तर आधी पन्नीचं सांगावं लागलं असतं.

सोजराबाईंची पावलं ऐकू आली. अपेक्षाने नखाने पन्नीची कड उचलली. ती सोलून निघाली. तिने ती घडी करून ओढणीच्या टोकात बांधली आणि झाकण भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

मग फडक्यावर स्पिरिट ओतून प्रोसेसर पुसला. पंख्याचं बूड पुसलं. दोन्ही आरशासारखी झाल्यावर करडी पेस्ट टेकवली, तुरीच्या दाण्याएवढीच. पंखा सरळ खाली दाबला. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. 

मशीन सुरू झालं. तिने तापमानाचा आकडा पडद्यावर आणला. बेचाळीस. दहा मिनिटं झाली, वीस झाली. त्रेचाळीस.

“बंद नाही पडलं,” सोजराबाई मागे उभ्या होत्या.

“नाही.”

“मंग तवा काऊन पडे?”

“पेस्ट वाळली होती आतली.”

“कोणाची?”

“माझी. मीच लावली होती ना दिवाळीत.”

सोजराबाई टेबलाशी आल्या. तिथं पडलेलं फडकं त्यांनी उचललं, उलगडलं, पांढरी पूड दोन बोटांत चोळली. तीस वर्षं त्यांनी ती नवऱ्याच्या सदऱ्यांच्या बाह्यांवरून धुतली होती, साबणाने जात नाही म्हणून रॉकेल लावून.

“हाव,” त्या म्हणाल्या. “तुहीच असन.”

फडकं त्यांनी पदराआड घेतलं आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने मोरीतून नळाचा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला.