हिरवे पत्ते वेगळे

मी एक जुना पत्त्यांचा संच आहे. चार रंग, चार आकार, प्रत्येक पत्त्यावर एक ते चार चित्रं. असे चौसष्ट पत्ते. मित्रांनो, मी खेळण्यासाठी नाही. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी माणसाचं मन किती सहज वळतं ते मोजतो.

रीत सोपी आहे. समोरच्याने पत्ते जुळवायचे. कशावरून, ते सांगायचं नाही. फक्त "बरोबर" किंवा "चूक" म्हणायचं. दहा बरोबर आले की नियम गुपचूप बदलायचा. आधी रंग, मग आकार, मग संख्या. मिहानमधल्या आयटी कंपन्यांतली तरुण मंडळी हसत हसत नियम पकडायची, माझं कौतुक करायची. पुढे हीच चाचणी टॅबलेटच्या स्क्रीनवर आली आणि मी खणात गेलो. दोन वर्षं मला कोणी हात लावला नाही.

देवरावांमुळे बाहेर आलो. जन्मभर त्यांनी मंडीत संत्री छाटली, म्हणजे निवडून वेगवेगळी केली. मेंदूत गुठळी झाली, त्यातून हात आणि जीभ सावरली, पण मालक कामावर घेईना. एका व्यापाऱ्याला माल रंगाने छाटून लागतो, दुसऱ्याला आकाराने. देवरावांना सकाळची रीत दुपारी सुटेना. स्क्रीनवर त्यांचं बोट अडखळे, म्हणून चाचणी घेणाऱ्या भूमिका मॅडमनी मला काढलं.

दहा पत्ते रंगाने लागले. नियम बदलला.

"चूक," मॅडम म्हणाल्या. देवरावांनी पुढचा हिरवाही हिरव्यांतच ठेवला.

शेजारी त्यांची बायको प्रयागबाई बसली होती. "चूक म्हणून राहिल्या त्या! काहून हिरवे येगळेच काढता जी?"

"कच्चे आहेत वं. पेटीत गेले त अख्खी पेटी नासते."

"जलमभर माह्या भाजीत चूक काढली, आता सोताची दिसत नाही!"

देवराव हसले. चुका एकेचाळीस झाल्या.

"पंचवीसच्या खाली आल्या की मालकाला पत्र देते," मॅडम म्हणाल्या. "तोवर रोज एक सवय बदला, काका."

प्रयागबाईंनी तीन महिने बदलल्या. घड्याळ दुसऱ्या हाताला, देवळाचा रस्ता दुसरा, भेंडी आज लांबीने निवडायची, उद्या जाडीने. पुढच्या खेपेला त्यांनीच मॅडमना सांगितलं, की भेंडीच्या ताटावर हे रडले, "मले येत होतं वं हे," म्हणाले.

मित्रांनो, मन वळतं आहे तोवर कामाची रीत अधूनमधून बदलून पाहा. आणि ज्याचं वळत नाही, त्याला हट्टी म्हणू नका. मी त्याचा हात जवळून पाहिला आहे.

त्या खेपेला नियम रंगावरून आकारावर गेला, अकराव्या पत्त्याला मॅडम "चूक" म्हणाल्या आणि बाराव्याला तो हात त्रिकोणाकडे गेला. तिथे थांबला. प्रयागबाई पुढे झुकल्या. मग पत्ता हिरव्यांत पडला.

चौसष्ट पत्ते संपले. मॅडमनी दोनदा मोजलं. चुका एकोणचाळीस.