नौशीनच्या वाट्याची पानं

मी एक जुनी, जादूच्या गोष्टीची कादंबरी आहे, मित्रांनो. सांगलीत विश्रामबागच्या एका छोट्या वाचनालयात माझी जागा आहे. माझी शिवण अजून घट्ट आहे. कोपरे तेवढे मुलांच्या बोटांनी मऊ झाले आहेत.

माझ्यात एक राजपुत्र आहे, एक राजकन्या आहे आणि नदीपलीकडे राहणारे राक्षस आहेत. राजपुत्राच्या घोड्यालासुद्धा नाव आहे. राक्षसांना नाही. शेवटी ते सगळे नदीत बुडतात आणि गावात दिवे लागतात.

दर रविवारी पूजाताई मुलांना गोल बसवायची. नुकतंच तिचं कॉलेज संपलं होतं. ती प्रत्येकाला एकेक पात्र वाटून द्यायची. मी हातोहात फिरायचे. मध्येच थांबवून ती विचारायची, राजकन्येचं लग्न ठरवताना तिला कुणी विचारलं का? गड ज्यांनी बांधला, त्यांची घरं गडावर का नाहीत? मुलं तावातावाने भांडायची. मला इतकं नीट आधी कुणी वाचलंच नव्हतं.

राक्षसांची वाक्यं नौशीन वाचायची. तिचा आवाज घुमणारा होता. पहिल्या रविवारी ती वाक्यं तिच्याकडे आली आणि तिच्याकडेच राहिली. त्याबद्दल मात्र कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्यांच्या पाळीला तिचे ओठ राजकन्येच्या वाक्यांवर हलायचे. मला ते दिसायचं.

शेवटच्या प्रकरणाला विश्वजीत म्हणाला, “नौशे, जरा दणक्यात मर की. लय हळू बुडतीस.”

“तू राजपुत्र हाईस न्हवं? मग नीट बुडव की.”

सगळे हसले. तिने वाचून संपवलं. मग माझ्यावर हात ठेवून हळूच विचारलं, “ताई, पुढच्या पुस्तकात मी राजकन्या घेऊ?”

“अगं, राक्षस तुझ्यासारखा कुणाला जमतो का?” पूजाताई कौतुकाने म्हणाली. “तुलाच शोभतो तो.”

नौशीनने मला मिटलं.

त्यानंतर ती आलीच नाही. एके दुपारी तिची आई शमशाद वाचनालयाचं कार्ड परत द्यायला आली.

“ती आता येणार न्हाई म्हणती, ताई. काल मला विचारत हुती, अम्मी, पुस्तकात आपण चांगलं कवा असतो? मला तर वाचता येत न्हाई. मी काय सांगू तिला?”

शमशाद गेल्यावर पूजाताईने मला उघडलं आणि राक्षसांची वाक्यं एकटीने मोठ्याने वाचायला घेतली. ‘आम्हाला पोहता येत नाही’ ही ओळ तिने दोनदा वाचली.

मित्रांनो, मला माझे शब्द बदलता येत नाहीत. जशी छापली तशीच मी राहणार. पुस्तकाला कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. मला दुसरंच मागायचं आहे. गोष्टीतल्या राजाला प्रश्न जरूर विचारा; पण वाचायला बसलेल्यांत कुणाच्या हाती कोणती वाक्यं दिली आहेत, तेही बघा. आणि कुणी दुसरं पात्र मागितलं, तर लगेच द्या. नौशीनने एकदाच मागितलं होतं.