पाच वाजेपर्यंत राजीनामा

सरोजिनी नगरातल्या दोन खोल्यांत चारुदत्तच्या सकाळपासून येरझाऱ्या चालल्या होत्या. बसला की उठायचा, उठला की मोबाइल पाहायचा. ऑफिसातल्या नरेंद्रबाबूंचा निरोप तोच होता : 'राजीनामा आज पाँच बजे तक भेजें।' खाली एक फाइल होती. ती त्याने रागाने उघडलीच नव्हती.

तो पुलांच्या कामावर सुपरवायझर होता. सरकारी निधी आटला, कामं थांबली. साइटवरच्या माणसांना नवं काम शिकवून दुसरीकडे पाठवणार, असं सगळे म्हणत होते. नांदेडहून इथे हिंदी मुलखात येऊन त्याला जेमतेम पाच महिने झाले होते.

"शिकवणार म्हणाले आणि मागतात राजीनामा! मी देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं."

"अहो, निदान जेवून तरी चिडा," लतिका म्हणाली.

साडेचारला फोन वाजला. नरेंद्रबाबूच होते.

"चारुदत्त जी, सबका राजीनामा आ गया. बस आपका नहीं."

"नहीं दूँगा!"

"सोच लीजिए. नाम कट जाएगा."

"काटिए!"

दहावीतल्या आर्याने पुस्तकातून मान वर केली. "बाबा, तुम्ही ट्रेनिंगला नाही म्हणालात?"

"ट्रेनिंग कुठलं? राजीनामा मागताहेत."

"अरे यार, बाबा! नोकरी सोडायची तर इथे इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. आमच्या वर्गात दोघांची मारामारी झाली, तेव्हा सरांनी दोघांकडून समेटाचा राजीनामा लिहून घेतला. शाळा सोडून गेले का ते?"

चारुदत्तने घाईघाईने फाइल उघडली. जुने पूल मशीनने तपासायचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण, झाशीला. नंतरची नेमणूक कुठेही. 'मैं राजी हूँ' एवढं स्वतःच्या हाताने लिहून फोटो पाठवायचा होता.

राग गेला आणि त्याच्या जागी भीती आली. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पुन्हा वर्गात बसायचं. आणि ह्या दोघी इथे, कुणाच्या भरवशावर?

"काय करू?" त्याने लतिकाला विचारलं.

"मघाशी 'काटिए' म्हणताना विचारलं होतंत?" ती म्हणाली. मग आर्याच्या वहीतला कागद फाडून तिने त्याच्यापुढे ठेवला. "लिहा. हिची परीक्षा मी बघते."

पाचला तीन मिनिटं कमी असताना फोटो गेला. लगेच उत्तर आलं : 'सोमवार सुबह नौ बजे, झाँसी।'

आज शनिवार होता. चारुदत्त उठला आणि पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.