उन्हात गेलेला आवाज

श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या गाण्याची पहिली हाक अभिमनच्या आईनं, प्रमिलाबाईनं द्यायची, हा जळगावच्या मेहरूण भागातल्या त्यांच्या गल्लीतला अलिखित कायदाच होता. ती हाक निघाली की तव्यावरचा नैवेद्याचा रोट करपला तरी बाया जागच्या हलत नसत. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, जीव राहील, आवाज जाईल.

अभिमन डाळमिलमध्ये कामाला. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण आईचा आवाज असा मातीमोल होऊ द्यायला मन धजेना. धुळ्याच्या रेकॉर्डिंगवाल्या जीवरामनं नवं मशीन आणलं होतं. त्यात आवाज भरायचा आणि पेटीसारखी पट्टी दाबली की तोच आवाज बाहेर यायचा. त्याच्या पोटात जेमतेम एक ओळ मावे. आईनं एकच हाक दिली, जीवरामनं ती फ्लॉपीवर उतरवली आणि वर चिठ्ठी चिकटवली, C3. याच पट्टीवर हाक जशीच्या तशी वाजेल, असं त्यानं बजावलं.

ऑपरेशन झालं. आई बोलायची थांबली.

जळगावातच रुपचंदकडे तसंच मशीन होतं, वर कॉम्प्युटर जोडलेला. हाकेला ढोलकीची साथ देऊन तो कानबाईसाठी कॅसेट करून देणार होता. ऐन मे महिन्यात अभिमन आईला स्कूटरवर घेऊन निघाला. वाटेत मिलमध्ये काम निघालं, आई सावलीत बसली, स्कूटर मात्र उन्हात राहिली आणि फ्लॉपी डिकीत.

रुपचंदनं चिठ्ठी वाचली, कॉम्प्युटरवर C3 टाकलं आणि वाजवलं. बाहेर आला तो एक भसाडा, रेंगाळणारा, पुरुषी आवाज. कोणी म्हातारा घोरत असावा तसा. उन्हात पडलेली कॅसेट अशीच वाजते, हे खान्देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"डिकीत ठेवली होती ना?" रुपचंद म्हणाला. "मग गेली कामातून."

मे महिन्यात जळगावात काहीही बिघडलं की खापर उन्हावरच फुटतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. अभिमनला तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आईनं तो आवाज पुन्हा एकदा ऐकला. तिचे डोळे भरले. मग तिनं हातानं पाटी पुसल्यासारखी खूण केली. पुसून टाक. हे सोंग तिला आपलं म्हणून मागे ठेवायचं नव्हतं. अभिमननं होकाराची मान हलवली आणि रुपचंदनं फ्लॉपी पुसली.

श्रावणाच्या तोंडावर अभिमन धुळ्याला गेला. जीवरामच्या मशीनमध्ये हाक उरली असेल, ही वेडी आशा.

"मशीन बंद कयं का बठ्ठं पुसाई जास, भाऊ," जीवराम म्हणाला. "पन फ्लॉपी खराब कशी व्हयनी? पट्टी कोनती लावी?"

"C3. तुम्ही लिहिली तीच. कॉम्प्युटरवर बघून."

 जीवरामनं समजावून सांगितलं. मशीन पट्टीला आतून नंबरानं ओळखतं. आईची हाक साठ नंबरवर होती. त्या साठला त्याचं मशीन C3 म्हणतं, रुपचंदचा कॉम्प्युटर C4. तळमजल्याला कोणी पहिला मजला म्हणतं, कोणी म्हणत नाही, तसं. रुपचंदच्या C3 वर बारा पट्ट्या खालचा सूर लागला. हाक एक सप्तक खाली गेली, आवाज जाडा झाला, चाल निम्मी.

"उन्हानं काहीच कयं नही. तुन्ही माय ना आवाज बठ्ठा तसाच शे. एक सप्तक वर लाय, लगेच वाजी. फ्लॉपी लई ये."

जी फ्लॉपी घेऊन ये म्हणत होता, ती तर पुसून झाली होती. बैल गेला आणि झोपा केला, एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं.

घरी आई दारातच उभी होती. काय म्हणाला, असं तिनं भुवयांनी विचारलं. अभिमननं तिच्या त्या पुसणाऱ्या हाताकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर त्या हातासाठी तिनं स्वतःला जन्मभर माफ केलं नसतं.

"उन्हानंच गेली, आई. माझीच चूक."

कानबाई आली. पहिली हाक शेजारच्या तानुबाईनं दिली, बरी दिली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना लख्ख ऊन पडलं. गर्दीत आईनं अभिमनला जवळ ओढलं, उन्हाकडे बोट करून हसली, आणि झालं गेलं विसर म्हणत असल्यासारखा त्याच्या डोक्यावर आपला पदर धरला.